रग्ना कोणत्या कोपऱ्यात उभी राहिली

माझी थोरली बहीण रग्ना दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. आमची शेतं एकाच रस्त्यावर, मध्ये फक्त एक चढ. रविवारी एकाच चर्चमध्ये आम्ही जायचो, ती डावीकडच्या बाकांवर, मी उजवीकडच्या. कारण विचाराल तर इराकचं युद्ध.

युद्ध चुकीचं आहे, आपली माणसं परत आणा, असं पत्र मी कौंटीच्या वर्तमानपत्राला पाठवलं होतं. संपादकाने ते महिनाभर ठेवून घेतलं आणि छापलं नेमकं त्या आठवड्यात, ज्या आठवड्यात रग्नाच्या कर्टला, आमच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेच्या, तुकडीबरोबर, तिकडे जायचा हुकूम आला. रग्नाने ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि फोन केला. "सोल्वाइग, माझा मुलगा चुकीच्या कामाला चाललाय असं तू अख्ख्या कौंटीला सांगितलंस," एवढं म्हणाली आणि ठेवून दिला. कर्ट तिकडे दीड वर्ष होता. परत येणार म्हणताना मुदत वाढली, मग आणखी दोनदा तारीख पुढे गेली. शेवटी तो धडधाकट परत आला, दोन्ही हातापायांनिशी, आणि आता गायींचं दूध काढतो. तो मला भेटायला यायचा, माझ्याकडे केक खाऊन जायचा. त्याची आई मात्र आली नाही.

आमच्या आयोवा राज्यात राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक इतरांच्या आधी लागते. पक्षाचा उमेदवार कोण, हे सगळ्या देशात पहिल्यांदा आम्ही निवडतो, म्हणून उन्हाळ्यापासूनच उमेदवार आमच्या दारात. नॉर्डालसारख्या गावातसुद्धा, जिथे एक धान्याचं कोठार, दोन चर्च आणि एक कॅफे, तिथेही ते येतात, हात मिळवतात, गायीबरोबर फोटो काढून घेतात. त्या वर्षी कॅफेत एकच विषय होता. देश सांभाळायला, लष्कर सांभाळायला, बाहेरच्या देशांशी बोलायला लायक कोण? मक्याचे भाव, इस्पितळ, शाळा, सगळं त्याच्या मागे. गावातली नऊ मुलं तिकडे जाऊन आली होती, म्हणून असेल.

आमच्या पक्षात खरी लढत दोघांत होती. सिनेटर रीव्ह, व्हिएतनाममध्ये लढलेला, वीस वर्षं संरक्षण समितीवर बसलेला. आणि गव्हर्नर हॅरियट कोल, जिने युद्धाला पहिल्या दिवसापासून विरोध केला होता, पण परदेशाशी संबंध म्हणाल तर सोयाबीन विकायला दोनदा जाऊन आलेली. मी कोलबाईंची गावातली प्रमुख होते. रग्ना रीव्हसाठी घरोघरी फिरत होती. एकाच दारावर सकाळी ती, दुपारी मी. लोक मला कॉफी देताना म्हणायचे, "तुझी बहीण आत्ताच गेली," आणि माझ्या तोंडाकडे बघायचे.

तिसरा एक उमेदवार होता, त्याला कोणी मोजत नव्हतं. वेंडेल प्रायर. तीस वर्षं देशोदेशी राजदूत. कागदावर त्याच्याइतका जाणता माणूस कोणी नव्हता, पण बोलायला लागला की लोक घड्याळ बघायचे.

डिसेंबरात बर्फाळ पावसाचं वादळ आलं. तारांवर बोटभर जाड बर्फ चढला, खांब वाकले आणि दुपारी सगळ्या रस्त्याची वीज गेली. माझ्याकडे लाकडाची शेगडी आहे, त्यामुळे मला काळजी नव्हती. चारच्या सुमाराला फाटकाबाहेर एक मोटार घसरत येऊन चरात गेली. कोट अंगावर टाकून मी बाहेर गेले, तर दार ढकलून एक उंच, पिकल्या केसांचा माणूस बाहेर पडायचा प्रयत्न करत होता.

"लागलं का हो कुठे?"

"नाही. माफ करा, तुमचं फाटक थोडक्यात वाचलं," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "मी वेंडेल प्रायर. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा आहे."

"ओळखलं. आधी आत चला, मग उभे राहा," मी म्हटलं.

तो नॉर्डालच्या वाचनालयात भाषण करायला निघाला होता. बरोबरचा माणूस फ्लूने मोटेलात पडला होता, म्हणून स्वतः गाडी चालवत होता. वाचनालय दुपारीच बंद झाल्याचं मी सांगितलं, तर त्याचा चेहरा जरा हलका झाल्यासारखा वाटला.

मी सूप गरम करत होते तेवढ्यात अंगणात ट्रॅक्टरचा आवाज आला. ऑरिन, रग्नाचा नवरा. आणि त्याच्या शेजारी, शाल डोक्यावरून घेतलेली, रग्ना.

ऑरिन दारातच म्हणाला, "सोल्वाइग, आमची घर गरम ठेवायची भट्टी विजेवर चालते. जनरेटर आहे तो गायींना लागतो, दुधाची यंत्रं बंद ठेवता येत नाहीत. कर्ट गोठ्यातच झोपतोय. मला डॉक्टरांनी गारठ्यात राहायचं नाही म्हणून सांगितलंय, नाहीतर आलो नसतो." शेवटचं वाक्य त्याने पाठ करून आणलेलं होतं, आणि ते कोणी पाठ करून घेतलं हे कळत होतं.

"या," मी म्हटलं. रग्ना माझ्या बाजूने आत गेली, शाल खुंटीला लावली आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसली. तेव्हा तिला प्रायर दिसला.

"हे कोण?"

प्रश्न मला नव्हता, हवेला होता. प्रायर उठून उभा राहिला आणि त्याने नाव सांगितलं.

"अच्छा. ते तिसरे," रग्ना म्हणाली.

"तिसरा म्हणणं तुमचा मोठेपणा. परवाच्या मतचाचणीत पाचवा होतो," तो म्हणाला. ऑरिन हसला. रग्ना नाही हसली, पण तिने त्याला शेगडीजवळ सरकायला जागा दिली.

दोन दिवस आम्ही चौघं त्या एका खोलीत होतो. सकाळ-संध्याकाळ ऑरिन कर्टला मदत करायला गोठ्यावर जाऊन यायचा. प्रायरने लाकडं आणली, बशा धुतल्या. रग्नाला स्वस्थ बसवेना, म्हणून तिने माझ्या कपाटातून बटाटे काढले आणि लेफ्से लाटायला घेतली. ही आमची बटाट्याची पातळ पोळी. ती लाटायची, मी शेगडीवर भाजायची. मधे एक शब्द नाही. पोळी कधी उलटायची ते मला तिच्या मानेवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिने हात पुसले आणि प्रायरला विचारलं, "तुम्ही त्या दोघांना ओळखता ना? रीव्हला आणि कोलबाईला?"

"चांगला ओळखतो."

"मग खरं सांगा. इथे वर्तमानपत्रवाला नाही. मध्यरात्री फोन वाजला, कुठेतरी काहीतरी पेटलंय, तर तो फोन कोणी उचललेला तुम्हाला चालेल?"

प्रायरने लेफ्सेवर लोणी लावलं, साखर भुरभुरली, गुंडाळी केली. त्याला विचार करायला वेळ लागायचा. सभेत तेच त्याला नडायचं.

"रीव्हला लष्कर कळतं," तो म्हणाला. "सेनापती समोर बसून बोलतो तेव्हा तो खरं सांगतोय की थाप मारतोय, हे रीव्ह ओळखतो. ते शिकवून येत नाही. पण प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं. एकदा माझ्याबरोबर वाटाघाटीला आला होता. दुसऱ्याच दिवशी चिडून उठून गेला. सहा महिन्यांचं काम गेलं म्हणून मी डोकं धरून बसलो."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी परत आला. सगळ्यांसमोर समोरच्याची माफी मागितली. मी तीस वर्षांत असं करणारी माणसं फार पाहिली नाहीत."

रग्नाने माझ्याकडे बघितलं नाही, पण हनुवटी वर गेली.

"आणि कोलबाई?" मी विचारलं.

"तिने परदेश पाहिलेला नाही, हे खरं. पण पुराच्या वेळी नॅशनल गार्ड बोलावला तेव्हा मी तिची बैठक पाहिली. प्रत्येकाला शेवटी एकच विचारायची, आपलं चुकत असेल तर कसं कळेल? हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये कोणी विचारत नाही. तिची अडचण दुसरी आहे. तिला वाटतं, वाटाघाटीला बसलेल्या प्रत्येकाला तोडगा हवा असतो. काहींना तोडगा नको असतो हो. त्यांना फक्त वेळ काढायचा असतो. हे तिला शिकावं लागेल, आणि ते शिकणं महाग पडतं."

आता माझी हनुवटी खाली गेली असणार, कारण रग्ना म्हणाली, "प्रायरसाहेब, हे जरा तुमच्या यजमानीणबाईंना नीट समजावून सांगा. त्यांना वाटतं पत्र लिहिलं की शांतता होते."

प्रायरने माझ्याकडे बघितलं.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "की पत्र कर्टविरुद्ध नव्हतं. ज्यांनी त्याला पाठवलं त्यांच्याविरुद्ध होतं."

"त्यांना विचारा, हा फरक तो ट्रकवर बसला होता तेव्हा त्याला कोणी समजावून सांगायचा होता?"

"त्यांना सांगा, मी त्याला दर आठवड्याला पत्र पाठवत होते. त्यात बातम्या असायच्या, गावच्या. त्याने उत्तरं दिली आहेत."

"त्यांना विचारा, आणि मला? मी इथे चढाच्या पलीकडे होते. दारात गाडी थांबली की मी पडद्याआडून बघायचे. लष्कराची माणसं आली की काय असं वाटायचं. मला एक पत्र?"

"तू फोन ठेवलास," मी म्हटलं.

"तू परत केला नाहीस."

"केला होता. ऑरिनने उचलला."

रग्ना वळली. ऑरिन खिडकीतून बाहेर बघत होता. "मला वाटलं, जरा थंड होऊ द्यावं," तो म्हणाला.

"दोन वर्षं?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्यानंतर आम्ही चांगल्या तासभर भांडलो. सगळं निघालं, युद्ध, पत्र, आई गेली तेव्हाचं, शाळेत असताना तिचा कोट मी घातला होता तेही. मी पत्र मागे घेतलं नाही. तिनेही फोनवर बोललेलं मागे घेतलं नाही. प्रायर मधे कुठेच नव्हता. बघते तर लेफ्सेची थप्पी संपत आली होती.

"तुम्ही काही बोलला नाहीत," रग्ना त्याला म्हणाली.

"दोन शिष्टमंडळं एका खोलीत बसायला तयार नव्हती तेव्हा मी एकदा अकरा दिवस निरोप्या होतो," तो म्हणाला. "तिथे जेवण इतकं चांगलं नव्हतं."

संध्याकाळी कॉफी घेताना रग्नाने त्याला शेवटचं विचारलं. आता तिचा आवाज उतरला होता. "माझ्या मुलाची परतीची तारीख तीनदा पुढे गेली. या दोघांतलं कोण तारीख देईल आणि पाळेल?"

"कोणीच देऊ नये," प्रायर म्हणाला. "मीही देणार नाही. तारीख दिली की समोरचा त्या दिवसाची वाट बघत बसतो. तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे."

"आणि तुम्ही? त्यांचं सांगितलंत, स्वतःचं सांगा."

त्याने कप खाली ठेवला. "मी वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेला माणूस. रीव्हला कोणीतरी लढाईत पाठवलं होतं. कोलबाईने माणसं पाठवली आहेत, पुरात का होईना, दोन परत आली नाहीत. मी कोणाच्याही मुलाला जा म्हटलेलं नाही. वेळ आली तर म्हणू शकेन की नाही, मला माहीत नाही. म्हटलंच तर मला झोप लागणार नाही, एवढं सांगता येईल."

रग्नाने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. तिसऱ्या दिवशी वीज आली. ऑरिनने ट्रॅक्टरला साखळी लावून गाडी चरातून ओढून काढली आणि प्रायर पुढच्या गावाला गेला.

कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची सभा, जानेवारीत झाली. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकत नाहीत. संध्याकाळी सगळ्यांनी शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. मग डोकी मोजतात आणि त्या प्रमाणात प्रत्येक कोपऱ्याला कौंटीच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी मिळतात. ज्या कोपऱ्यात हॉलच्या पंधरा टक्क्यांपेक्षा कमी माणसं, तो बाद. त्यांनी दुसरीकडे जायचं, किंवा अर्ध्या तासात आणखी माणसं ओढून आणायची. त्या हॉलमध्ये मी संगीताची शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुलांची गाणी बसवली होती. इतकी गर्दी कधी बघितली नव्हती.

कोलबाईंचा कोपरा माझा, स्कोअरच्या फळ्याखाली. पलीकडे रीव्हची माणसं, जुन्या सैनिकांच्या टोप्या घातलेली. मी रग्नाला तिथे शोधत होते. ती मागच्या दाराजवळ दिसली. तिथे एका खुर्चीला प्रायरच्या नावाचा कागद चिकटवला होता. पाच-सहा माणसं, त्यात गावचा दंतवैद्य, कर्ट, ऑरिन आणि रग्ना.

रीव्हचा गावातला प्रमुख बर्टेल धावतच तिच्याकडे गेला. "रग्ना, अगं चुकून उभी राहिलीस."

"चुकून नाही, बर्टेल."

"तू आमच्यासाठी चार महिने फिरलीस."

"फिरले. रीव्ह चांगला माणूस आहे. तिथे माझ्याशिवाय भागतंय."

डोकी मोजली. प्रायरला तीन माणसं कमी पडत होती. सभा चालवणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवली आणि अर्धा तास सुरू झाला. बर्टेल रग्नाच्या एका कानाशी. दुसऱ्या कानाशी मी जायला हवं होतं, ते माझं कामच होतं. मी गेले.

"बोल," ती म्हणाली. "काय देतेस?"

मी कोलबाईंची बाजू मांडली. काय शिकल्या, कोणाकोणाला सल्लागार घेतलं, फौज कशी टप्प्याटप्प्याने आणणार. रग्ना मधे मधे प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न कडक होते. एकदोन ठिकाणी मी अडकले.

"वाईट नाही," ती म्हणाली. "पण मी इथेच. आम्ही बाद झालो तर रीव्हकडे जाणार, हे तुला आधीच सांगते."

"सगळे?"

"सगळे. दंतवैद्यसुद्धा."

मी परत माझ्या कोपऱ्यात आले आणि हिशेब घातला. आमच्याकडे माणसं होती तीन प्रतिनिधींपुरती, आणि वर थोडी जास्त. ती जास्तीची चौथ्या प्रतिनिधीला पुरत नव्हती. ही पाच-सहा माणसं रीव्हकडे गेली तर मात्र त्याचा एक प्रतिनिधी वाढत होता. मी दोनदा मोजलं. मग पोस्टातल्या आल्माला आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं, समजावलं आणि आम्ही तिघं हॉल ओलांडून निघालो. बास्केटबॉलच्या मैदानाच्या मधल्या वर्तुळावरून जाताना सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. बर्टेलच्या लक्षात आलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

रग्नाने मला येताना बघितलं. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले, पण तिने लगेच ते बारीक केले.

"हे प्रेमाने आलीस की हिशेबाने?"

"हिशेबाने. तुम्ही रीव्हकडे गेला असतात तर आमचं नुकसान होतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "प्रेमाने आली असतीस तर परत पाठवली असती. या कामात ते चालत नाही." आणि सरकून मला तिच्या शेजारी जागा केली. ऑरिनने माझी पाठ थोपटली. दंतवैद्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्याला वाटलं मी खरोखरच बदलले, तो माझा हात सोडेना.

त्या कोपऱ्याला एक प्रतिनिधी मिळाला आणि सगळ्यांनी रग्नाला निवडलं. सबंध कौंटीत प्रायरला मिळालेला तो एकच प्रतिनिधी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माघार घेतल्याची बातमी रेडिओवर आली. रग्ना तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

"झालं," मी म्हटलं. "आता मार्चमध्ये कौंटीच्या अधिवेशनात तू कोणाची प्रतिनिधी?"

"त्याचीच. निवडून आलेय ना."

"अगं, तो उभाच नाही."

"मी आहे," ती म्हणाली.

मार्चमध्ये ती खरंच गेली. गाडी मी चालवत होते, कारण कोलबाईंची गावातली प्रमुख म्हणून मलाही जायचंच होतं. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला पाणी साचलं होतं, आणि गेल्या वर्षीच्या मक्याच्या खुंटांतून बदकं उतरली होती. अधिवेशनात रीव्हचे तीन आणि कोलबाईंचे दोन पुढारी आळीपाळीने तिच्यापाशी येऊन बसले. तिने प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले, मला विचारले होते तेच, आणि प्रत्येकाचं उत्तर शांतपणे ऐकून घेतलं. एकाने तर बाहेर जाऊन कोणालातरी फोन करून उत्तर आणलं. दुपारपर्यंत तिच्या टेबलावर पाच जणांनी आणलेले कॉफीचे पाच कप झाले होते. मी माझ्या जागेवरून बघत होते. ती मजेत होती.

"कोणाला दिलंस शेवटी?" परतताना मी विचारलं.

"तुला कशाला सांगू? तू विरोधी पक्षातली."

"एकाच पक्षात आहोत आपण."

"तेच तर," रग्ना म्हणाली, आणि गाडीची काच थोडी खाली केली. "सावकाश चालव. पुढे शूमाकरच्या वळणावर पाणी असतं."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर सावकाश चालव."

मी सावकाश चालवली.